ट्युनिशिया : इस्लाम, क्रांती आणि हातची गेलेली लोकशाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘मुस्लिम देश आणि लोकशाही’ असा विषय निघाला की ट्युनिशियाचं नाव येतंच. कुणी आशेचं उदाहरण म्हणून घेतं, कुणी फसलेल्या प्रयोगाचं. वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट शक्यतो पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्युनिशिया नेमका कुठे येतो? आणि तिथेही शिया-सुन्नी भांडण आहे का?

उत्तर आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठावर. एका बाजूला अल्जीरिया, दुसऱ्या बाजूला लिबिया. लोकसंख्या सुमारे १ कोटी २० लाख, म्हणजे साधारण मुंबई शहराएवढी. १८८१ ते १९५६ फ्रान्सचा अंमल होता. जवळजवळ सगळी प्रजा सुन्नी आणि मालिकी (सुन्नींच्या एका धर्मकायद्याच्या) परंपरेची, त्यामुळे शिया-सुन्नी वाद तिथे नाहीच. पश्चिम आशियाच्या बातम्यांवरून तयार झालेले आडाखे इथे लावायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. आपल्या शेतकऱ्यांचा मात्र या देशाशी नकळत संबंध येतो. गाफसा भागातल्या खाणींमधलं फॉस्फेट आणि त्यापासून केलेलं फॉस्फरिक आम्ल भारतातल्या खत कारखान्यांत येत आलं आहे.

२. एका भाजीवाल्यामुळे सगळ्या अरब जगात क्रांती झाली म्हणतात. खरं आहे का?

ठिणगी तिथे पडली हे खरं. सिदी बूझिद हे देशाच्या अंतर्भागातलं गाव, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांपासून आणि कारखान्यांपासून लांब. मोहम्मद बुअझिझी हा २६ वर्षांचा तरुण तिथे हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. १७ डिसेंबर २०१० रोजी सकाळी पालिकेच्या माणसांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. आपल्याकडे हातगाडीवाल्याच्या मागे लागणारी पालिकेची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. माल उद्या पुन्हा उधारीवर भरता येतो, पण काटा गेला की धंदाच बसतो. तो काटा मागायला बुअझिझी गव्हर्नरच्या कचेरीत गेला. कुणी भेटलं नाही. त्याच कचेरीसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारी २०११ रोजी तो गेला.

त्याच्याबद्दलच्या दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. तो पदवीधर नव्हता, शाळाही पुरी झाली नव्हती. आणि महिला निरीक्षकाने त्याला थप्पड मारली, हे कधीच सिद्ध झालं नाही. तिच्यावरचा खटला एप्रिल २०११ मध्ये निकाली निघाला आणि तिची सुटका झाली.

पण एका माणसाच्या जळण्याने सरकार पडत नाही. २००८ मध्ये गाफसाच्या खाणपट्ट्यात नोकरभरतीतल्या वशिलेबाजीवरून महिनोन्‌महिने आंदोलन चाललं होतं आणि ते पोलिसांनी मोडून काढलं होतं. तो राग जिरलेला नव्हता. कामगार संघटनेच्या गावोगावच्या शाखा, वकील, बेकार पदवीधर रस्त्यावर आले. कास्सरीनमध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या तशी आग राजधानीकडे सरकली. १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष झीन अल-अबिदीन बेन अली विमानाने सौदी अरेबियाला पळाले. तीनशेहून जास्त माणसं या काळात मेली.

३. म्हणजे ही क्रांती इस्लामी पक्षांनी घडवली होती?

नाही. घोषणा होती ‘काम, स्वातंत्र्य, देशाची प्रतिष्ठा’. एन्नहदा या इस्लामी पक्षाचे नेते तेव्हा परदेशात, तुरुंगात किंवा पोलिसांच्या पाळतीखाली होते. त्यांचे प्रमुख राशिद घन्नूशी सुमारे वीस वर्षं लंडनमध्ये काढून ३० जानेवारी २०११ ला परतले, म्हणजे बेन अली पळाल्यावर दोन आठवड्यांनी.

४. बहुपत्नीत्वावर बंदी घालणारा मुस्लिम देश हाच ना? मौलवींनी विरोध नाही केला?

हाच. आणि बंदी कधी घातली ते बघा. मार्च १९५६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १३ ऑगस्ट १९५६ ला कुटुंब कायदा जाहीर झाला. पाच महिनेही झाले नव्हते. या कायद्याने दुसरं लग्न गुन्हा ठरलं, तोंडी तलाक बंद झाला, घटस्फोट फक्त न्यायालयातून आणि तो मागायचा हक्क बाईलाही, लग्नाला मुलीची संमती हवीच.

हबीब बुर्गिबा (तेव्हाचे पंतप्रधान, पुढे देशाचे पहिले अध्यक्ष) यांनी हा कायदा ‘आम्ही धर्म सोडला’ म्हणून आणला नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. त्यांचं म्हणणं असं: कुराण एकापेक्षा जास्त बायका करायची मुभा सगळ्यांना समान न्याय देण्याच्या अटीवर देतं, आणि त्याच सुऱ्यात (अध्यायात) पुढे सांगतं की असा न्याय तुम्हाला इच्छा असूनही जमणार नाही. दोन्ही आयती (वचनं) एकत्र वाचल्या तर अर्थ बंदीकडेच जातो. हा विचार बुर्गिबांच्या डोक्यातून एका रात्रीत आलेला नव्हता. ताहिर हद्दाद हे झैतूना या प्राचीन मशीद-विद्यापीठात शिकलेले. त्यांनी १९३० मध्येच बाईच्या हक्कांची मांडणी शरियतच्या आतून केली होती. त्यांना धर्मबुडवे ठरवलं गेलं, त्यांची पदवी आणि काम काढून घेतलं, आणि १९३५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते एकाकी मेले. कायदा आला तेव्हा विरोध झालाच, पण तोवर बुर्गिबा स्वातंत्र्यलढ्याचे नायक झाले होते आणि विरोधकांच्या मागे माणसंच उरली नव्हती.

५. बुर्गिबा म्हणजे ट्युनिशियाचे आतातुर्कच की!

अर्धं बरोबर. शरियत न्यायालयं बंद केली, वक्फच्या जमिनी सरकारजमा केल्या, झैतूनाचं शिक्षण सरकारी विद्यापीठात विरघळवलं. गरिबीशी लढणं हाही जिहादच, तेव्हा कामगाराने रोजा सोडला तरी चालेल, असं म्हणत त्यांनी रमजानात भर सभेत फळांचा रस पिऊन दाखवला. लोकांनी ते ऐकलं नाही, रोजे चालूच राहिले. फरक असा की तुर्कस्तानात आतातुर्कनी राज्यघटनेतून धर्मच काढला, तर बुर्गिबांनी धर्म सरकारच्या मुठीत घेतला. इमाम कोण, खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) काय बोलायचं, हे सरकार ठरवू लागलं. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली (प्रश्न १० पाहा).

आणखी एक बाजू, जी बुर्गिबांचे भक्त सांगत नाहीत. १९८१ च्या परिपत्रकाने शाळा-कचेऱ्यांत हिजाबवर बंदी आली. त्यांच्यानंतर आलेल्या बेन अलींच्या काळात तर पोलीस बायकांना चौकीत बसवून ‘पुन्हा घालणार नाही’ असं लिहून घ्यायचे. बाईला दुसऱ्या लग्नापासून वाचवणारं सरकार आणि तिच्या डोक्यावरचं कापड ओढणारं सरकार एकच होतं. मला यातलं पहिलं मनापासून महत्त्वाचं वाटतं, म्हणूनच दुसरं झाकून ठेवावंसं वाटत नाही.

६. आपले हमीद दलवाई आणि बुर्गिबा यांची तुलना करता येईल?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. मागण्या मिळत्याजुळत्या होत्या. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी ट्युनिशियात दहा वर्षांपूर्वीच झाल्या होत्या.

पण परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक. बुर्गिबांच्या हातात पोलीस, न्यायालय, रेडिओ सगळं होतं, आणि देशात मुसलमान बहुसंख्य, त्यामुळे ‘परके आमच्या धर्मात ढवळाढवळ करतात’ ही भीती उभी राहायला जागा नव्हती. दलवाईंच्या मागे सात बायका होत्या. मार्च १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून त्यांनी माणूस-माणूस बोलून वळवायचा रस्ता धरला. ‘ट्युनिशियात झालं, मग इथे का नाही’ असं विचारणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. आणि ‘हे इस्लामात बसतच नाही’ म्हणणाऱ्यांनी प्रश्न ४ पुन्हा वाचावा.

७. एन्नहदा म्हणजे मुस्लिम ब्रदरहुडची ट्युनिशियातली शाखा ना?

ब्रदरहुड ही इजिप्तमध्ये जन्मलेली इस्लामी चळवळ. एन्नहदाची मुळं तिथली, हे नाकारता येत नाही. १९८१ मध्ये ‘इस्लामी प्रवृत्ती आंदोलन’ म्हणून उघडपणे सुरुवात झाली, १९८९ मध्ये ‘एन्नहदा’ म्हणजे ‘पुनरुत्थान’ हे नाव घेतलं. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या अपक्ष उमेदवारांना बरी मतं मिळाली आणि बेन अलींनी दडपशाही सुरू केली. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, छळले गेले. हे पुढे, क्रांतीनंतर नेमलेल्या सत्य व सन्मान आयोगाच्या सुनावण्यांत देशाने ऐकलं. नोव्हेंबर २०१६ पासून त्या सुनावण्या टीव्हीवर थेट दाखवल्या. आयोगाकडे ६० हजारांवर तक्रारी आल्या होत्या, त्यांत इस्लामवादी होते, डावे होते, खाण कामगार होते. एकाच कोठडीत मार खाल्लेल्या विरोधी विचारांच्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागलं, ही गोष्ट पुढच्या तडजोडींमागे आहे असं मला वाटतं.

मे २०१६ च्या अधिवेशनात एन्नहदाने धर्मप्रचाराचं काम पक्षापासून वेगळं केलं आणि ‘आम्ही मुस्लिम लोकशाहीवादी’ असं जाहीर केलं. हा मुखवटा की खरा बदल? मी त्यांना त्यांच्या मतदानावरून जोखतो (प्रश्न ८ आणि ९).

८. सत्ता आल्यावर त्यांनी शरियत का नाही आणली?

पहिलं कारण साधं: बहुमत नव्हतं. ऑक्टोबर २०११ च्या घटना समितीत २१७ पैकी ८९ जागा. दोन धर्मनिरपेक्ष पक्षांना बरोबर घेऊनच सरकार झालं. मार्च २०१२ मध्ये पक्षाने जाहीर केलं की शरियतचा उल्लेख आम्ही मागणार नाही, १९५९ च्या घटनेतलं पहिलं कलम तसंच ठेवू. त्या कलमाची गंमत अशी की ते म्हणतं, ट्युनिशिया स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्र आहे, ‘इस्लाम त्याचा धर्म’. आता ‘त्याचा’ म्हणजे राज्याचा की देशातल्या लोकांचा? दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ काढला, आणि कुणीच ते स्पष्ट करायचा हट्ट धरला नाही म्हणून गाडा पुढे गेला.

ऑगस्ट २०१२ मध्ये मसुद्यात बाई पुरुषाला ‘पूरक’ असा शब्द आला. १३ ऑगस्टला, म्हणजे कुटुंब कायद्याच्याच दिवशी, हजारो बायका ट्युनिसच्या रस्त्यावर उतरल्या. शब्द गेला, ‘समान’ आला.

जानेवारी २०१४ मध्ये, घटना पुरी होत आलेली असताना, एन्नहदाच्या एका सदस्याने डाव्या सदस्याला इस्लामचा शत्रू म्हटलं. त्या डाव्या सदस्याला लगेच जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आदल्याच वर्षी दोन डावे नेते गोळ्या घालून मारले गेले होते, त्यामुळे सभागृहात कुणालाच हे हसण्यावारी नेता येईना. त्यातून सहाव्या कलमात एक तरतूद आली: तक्फीर, म्हणजे एखाद्याला काफिर ठरवणं, याला बंदी. त्याच कलमात श्रद्धेचं आणि सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्यही होतं, आणि ‘पवित्र गोष्टींचं रक्षण’ही होतं. एकाच कलमात ओढाताण दिसते, पण ती लपवलेली नाही. २६ जानेवारी २०१४ च्या रात्री घटना २०० विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाली. एन्नहदाच्या बहुतेक सदस्यांनी बाजूने मत दिलं.

९. २०१३ मध्ये इजिप्तमध्ये लष्कराने सत्ता घेतली. ट्युनिशिया कसा वाचला?

६ फेब्रुवारी २०१३ ला शुक्री बेलईद आणि २५ जुलैला मोहम्मद ब्राहमी या डाव्या नेत्यांचे खून झाले. विरोधकांनी संसदेसमोर ठिय्या दिला. तिकडे ३ जुलैला इजिप्तमध्ये ब्रदरहुडचे अध्यक्ष मोर्सींना हटवलं गेलं, आणि १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात शेकडो माणसं मारली गेली. घन्नूशींनी त्यातून धडा घेतला आणि प्रतिस्पर्धी बेजी कैद एसेब्सींना भेटायला पॅरिसला गेले.

दुसरं कारण, ट्युनिशियाचं सैन्य लहान होतं. बुर्गिबांनी ते मुद्दाम लहान ठेवलं होतं. राजकारणात उतरण्याची त्याला सवय नव्हती.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं: यूजीटीटी ही कामगार महासंघटना. १९४६ पासूनची, स्वातंत्र्यलढ्यात रक्त सांडलेली, गावागावात शाखा असलेली. तिने उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची परिषद यांना बरोबर घेऊन सगळ्या पक्षांना एका टेबलावर बसवलं. एरवी संप आणि टाळेबंदीवरून भांडणाऱ्या मालक-कामगारांच्या संघटना इथे मध्यस्थ म्हणून शेजारी बसल्या. एन्नहदाच्या सरकारने जानेवारी २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि पक्षाबाहेरच्या तज्ज्ञांचं सरकार आलं. या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

१०. मग आयसिसमध्ये सर्वांत जास्त तरुण ट्युनिशियातूनच कसे गेले?

हा प्रश्न टोचणारा आहे. अंदाज तीन हजारांपासून सहा हजारांपर्यंत आहेत, आणि एवढ्याशा देशाला तो आकडा प्रचंड. झैतूनासारखी विद्यापीठं मोडल्यावर आणि इमाम सरकारी झाल्यावर तरुणांना धर्म शिकवणारं जवळचं, विश्वासाचं कुणी उरलं नव्हतं. ती जागा उपग्रह वाहिन्यांनी घेतली. २०११ मध्ये पोलिसी राज्य कोसळलं, माफी मिळून जुने जिहादी सुटले. त्यांतल्याच एकाने अन्सार अल-शरिया ही जिहादी संघटना उभी केली. शेकडो मशिदी कट्टरपंथी सलफींनी ताब्यात घेतल्या. एन्नहदाचं सरकार सुरुवातीला त्यांना ‘वाट चुकलेली आपली मुलं’ समजत राहिलं, आणि ही चूक महागात पडली. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकी दूतावासावर हल्ला झाला, तरी संघटनेवर बंदी यायला ऑगस्ट २०१३ उजाडला. शेजारच्या लिबियात शस्त्रं आणि छावण्या तयारच होत्या. २०१५ मध्ये बार्दो संग्रहालय आणि सूसचा किनारा रक्ताने माखला. एकट्या सूसमध्ये ३८ पर्यटक मेले, त्यांतले ३० ब्रिटिश.

दुसरी बाजूही नोंदवा. मार्च २०१६ मध्ये आयसिसने बेन गर्दान हे सीमेवरचं गाव घ्यायचा प्रयत्न केला. गावकरी त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत, ते सैनिकांच्या मागे उभे राहिले. हल्ला फसला.

११. मुस्लिम बाई तिथे बिगरमुस्लिमाशी लग्न करू शकते का? वारसाहक्क समान आहे का?

पहिल्याचं उत्तर हो, सप्टेंबर २०१७ पासून. १९७३ चं मनाई करणारं परिपत्रक तेव्हा मागे घेतलं. दुसऱ्याचं उत्तर नाही. अध्यक्ष एसेब्सींनी समान वाट्याचं विधेयक आणलं, मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यही केलं, पण संसदेत ते अडकलं. मुलीला अजूनही मुलाच्या निम्मा वाटा.

१२. कैस सईद इस्लामवादी आहेत की सेक्युलर?

दोन्ही खणांत बसत नाहीत. घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, पक्ष नाही, ऑक्टोबर २०१९ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त मतांनी अध्यक्ष म्हणून निवडून आले. एन्नहदाचे कट्टर विरोधक, पण समान वारसाहक्कालाही विरोध.

त्यांच्या २०२२ च्या घटनेत ‘इस्लाम त्याचा धर्म’ हे वाक्य गेलं, तेव्हा अनेकांनी ‘अखेर धर्मनिरपेक्ष घटना’ म्हणून स्वागत केलं. पाचवं कलम नीट वाचलं असतं तर केलं नसतं. ते म्हणतं, ट्युनिशिया इस्लामी उम्मतचा (जगभरच्या मुस्लिम समुदायाचा) भाग आहे आणि इस्लामची उद्दिष्टं साधण्याचं काम एकट्या राज्याचं. म्हणजे धर्माचा अर्थ लावायची मक्तेदारी राज्याची, आणि राज्य म्हणजे अध्यक्ष. मसुदा समितीचे प्रमुख सादोक बेलईद यांनीच ‘हा आम्ही दिलेला मसुदा नव्हे’ असं जाहीर सांगितलं.

१३. २५ जुलै २०२१ ला सईदांनी संसद बंद पाडली तेव्हा लोकांनी टाळ्या का वाजवल्या?

कारण लोक मरत होते. त्या महिन्यात कोविडने दवाखाने भरले होते, प्राणवायू मिळत नव्हता, आणि संसदेत हाणामाऱ्या चालल्या होत्या. दहा वर्षांत सरकारंच सरकारं झाली, पण सिदी बूझिदच्या पोराला काम मिळालं नाही. एन्नहदाचाही यात वाटा आहे. ज्या टीव्ही वाहिनीवाल्या नबील करवींना २०१९ च्या प्रचारात भ्रष्ट म्हटलं, त्यांच्याच पक्षाशी २०२० मध्ये हातमिळवणी केली.

त्या रात्री संसद-अध्यक्ष घन्नूशी संसदेच्या फाटकापाशी आले. फाटक बंद, आत सैनिक. उपाध्यक्ष समीरा शुआशींनी सैनिकाला सांगितलं, आम्ही घटनेची शपथ घेतली आहे. त्याचं उत्तर आलं, आम्ही देशाची घेतली आहे. घन्नूशी कितीतरी तास गाडीत बसून राहिले. आपल्या नेत्यासाठी हजारोंची गर्दी लोटेल असं वाटलं होतं, ती लोटली नाही.

या भांडणाचा निवाडा करू शकणारं एकच ठिकाण होतं, घटनात्मक न्यायालय. २०१४ च्या घटनेने ते एका वर्षात नेमायला सांगितलं होतं. संसदेने आपल्या वाट्याच्या चार न्यायाधीशांपैकी एकच निवडला, बाकीच्या नावांवर पक्षांचं एकमत झालं नाही. सात वर्षं ती खुर्ची रिकामी ठेवणाऱ्यांत इस्लामवादी होते तसेच सेक्युलरही होते. मला सगळ्यांत जास्त हळहळ या एका गोष्टीची वाटते.

१४. म्हणजे इस्लाम आणि लोकशाही एकत्र नांदत नाहीत, हेच सिद्ध झालं ना?

घटनाक्रम पाहा. इस्लामी पक्ष निवडणूक जिंकला, मग सत्ता सोडली, मग २०१४ ची निवडणूक हरला आणि हार मान्य केली. लोकशाही बंद केली ती एका पक्षहीन प्राध्यापकाने, घटनेतल्या आणीबाणीच्या ८० व्या कलमाचा आधार घेऊन. त्याच्या तुरुंगात कोण आहेत तेही बघा. घन्नूशींना एप्रिल २०२३ मध्ये अटक झाली. एन्नहदाच्या सर्वांत कडव्या विरोधक आबीर मूसी यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. डावे, उदारमतवादी, वकील, पत्रकार, सगळेच आहेत. २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांवर मतं घेऊन पुन्हा निवडून आले, पण मतदानाला तीस टक्केही लोक आले नाहीत.

‘धर्मामुळे बुडाली’ म्हणणाऱ्यांनी पाव, नोकरी आणि न्यायालय या तीन गोष्टींकडे आधी बघावं.

१५. क्रांतिदिन कोणता धरायचा, १४ जानेवारी की १७ डिसेंबर?

दोन्ही तारखा छापील साहित्यात सापडतात, म्हणून गोंधळ होतो. २०११ पासून १४ जानेवारी, म्हणजे बेन अली पळाले तो दिवस, साजरा व्हायचा. डिसेंबर २०२१ मध्ये सईदांनी तो बदलून १७ डिसेंबर केला. त्यांच्या मते १४ जानेवारीला क्रांती राजधानीतल्या पुढाऱ्यांनी पळवली. सिदी बूझिदच्या लोकांची ही मागणी जुनीच होती. गावात मुख्य रस्त्यावर हातगाडीचं दगडी शिल्प आहे, दरवर्षी त्या दिवशी माणसं तिथे जमतात आणि काम मागतात.